पाळण्याच्या प्रसंगाची साक्ष

हेस्टर क्विलन जिना चढून आली आणि आधी पाच मिनिटं नुसती खोकत बसली.

"ऐंशी मूकपट लिहिले मी, टॅरंटसाहेब. एकावरही नाव मागितलं नाही. हा शेवटचा मात्र लिहिलाही मी आणि दिग्दर्शितही मीच केला. पडद्यावर नाव कुणाचं? रोलंड क्रीलचं. निर्मात्याचा मेहुणा! डॉक्टर म्हणतात, नाताळ काही मी बघत नाही. तेवढं एक नाव मिळवून द्या."

"पुरावा?" ल्यूशस टॅरंटने विचारलं. हॉलिवूडमध्ये खाजगी गुप्तहेर म्हणून त्याचं बरं नाव होतं.

"पटकथा जाळली त्यांनी. नायिका लोटी ब्रँट तोंड उघडत नाही."

बार्नी फॉस, टॅरंटचा सोबती, मनाने सोनं आणि डोक्याने जरा सावकाश. तो मध्येच म्हणाला, "पाळण्याच्या प्रसंगाला अख्खं थिएटर रडत होतं, बाई! आमची धाकटी बहीण आयडा तेवढी संतापून उठून गेली. बहिरी आहे बिचारी, पण सिनेमाचं भारी वेड. असं कधी केलं नव्हतं तिनं."

हेस्टरचा चेहरा उतरला. टॅरंटने ते पाहिलं.

टॅरंट स्टुडिओत भेटायला गेला, तेव्हा क्रीलने सिगारचा धूर सोडला. "अहो, टाइप करणारी बाई ती! पाळण्याचा प्रसंग? कॅमेऱ्याला खेटून मी उभा होतो, हातात कर्णा. लोटीशी माझ्याशिवाय कोणी बोलतसुद्धा नव्हतं."

लोटी आपल्या घराच्या दारातूनच म्हणाली, "त्या दिवसाचं काही विचारू नका. मी कुणाचंच नाव घेणार नाही." तिच्यामागे फडताळावर बोटभर लांबीचे लोकरी मोजे होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅरंटने सगळ्यांना स्टुडिओच्या छोट्या थिएटरात बसवलं. पडद्याजवळ आयडा. पाळण्याचा प्रसंग सुरू झाला. पडद्यावर संवादाची पाटी आली: 'देवा, माझं बाळ!'

"आपण पाटी वाचतो," टॅरंट म्हणाला, "पण नट खरंच बोलत असतात. कॅमेरा फिरत असताना दिग्दर्शक ओरडून सांगतो, नट उत्तर देतात. ऐकू कुणाला येणार! क्रीलसाहेब, तुम्ही नाव बदललंत. ओठ कसे बदलणार? आयडा ओठ वाचते. सगळे रडले आणि ती चिडली, म्हणजे तिला पाटीपेक्षा वेगळं काही कळलं. बार्नी, सांग."

आयडाची बोटं हलू लागली. बार्नी अडखळत त्या खुणांचा अर्थ सांगू लागला.

"हेस्टर, थांबव... माझं बाळ जाऊन महिनासुद्धा नाही झाला... हेस्टर, तुला हात जोडते, थांबव."

क्रीलची सिगार विझली होती.

"आणि मी थांबवलं नाही," हेस्टर हळूच म्हणाली. "असं रडणं पुन्हा मिळणार नाही, हे मला कळत होतं."

"म्हणून मी गप्प होते," लोटी म्हणाली. "त्या रडण्यावर कुणाचंच नाव नको होतं मला."

टॅरंटने कागद पुढे केला. क्रीलने मुकाट्याने सही केली: लेखन आणि दिग्दर्शन, हेस्टर क्विलन. तिने तो कागद दोनदा वाचला. हीच सही तिला हवी होती, आणि ती मिळाल्याचा आनंद तिच्या तोंडावर कुठेच नव्हता.

"आता दिग्दर्शक मी ना?" तिने यंत्रावरच्या माणसाला विचारलं.

"हो, बाई."

"मग पाळण्याचा प्रसंग कापा. सगळ्या प्रतींतून."

"वेड लागलंय का?" क्रील ओरडला. "लोक त्याच्यासाठीच येतात!"

"ठाऊक आहे मला."

माणसाने कात्री चालवली. हेस्टरने फिल्मची ती गुंडाळी उचलली, खोकत खोकत चार खुर्च्या ओलांडल्या आणि लोटीच्या मांडीवर ठेवली.