परीक्षेसाठी दात हवा आहे

ती आधी त्याच्या दाताच्या प्रेमात पडली. माणूस नंतर आला.

झालं असं की कपडे धुवायच्या दुकानात तिचं मशीन मध्येच बंद पडलं. साबणाचं पाणी आत, दोन्ही पांढरे कोट आत, आणि बाहेर पाऊस. तिने इकडेतिकडे पाहिलं. आपली भाषा कळेल असं कुणी दिसेना, तेव्हा मशीनला गुडघ्याने एक धक्का देऊन म्हणाली, "फिर की मेल्या! रुसलेल्या जावयासारखा काय बसलायस!"

मागून कुणीतरी खो खो हसलं.

ती दचकून वळली. बाकावर एकजण बसला होता, मांडीवर ओल्या चादरींची टोपली, आणि तोंड भरून हसत होता. एरवी ती लाजून मशीनच्या मागे लपली असती. पण तिची नजर गेली ती थेट त्याच्या खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला. दाढेच्या अलीकडचा दात. शेजारच्या दाताला तो टेकतो, तिथे... एक करडी सावली.

"थांबू नका," ती म्हणाली. "हसा."

"अं?"

"परत हसा ना."

"आता कसा हसू? तुम्ही अशा बघताय की..."

"मग नुसतं तोंड उघडा."

गंमत म्हणजे त्याने उघडलं. तिने मोबाइलचा उजेड पाडून आत डोकावून पाहिलं, आणि ओल्या कपड्यांच्या त्या कुबट वासात तिच्या तोंडून शब्द निघाला, "सुंदर!"

तीस वर्षांच्या आयुष्यात त्याला असं कुणी म्हटलं नव्हतं. कान लाल झाले त्याचे.

तिला वेडी म्हणण्याआधी तिची अडचण ऐका. परदेशात येऊन तिने दातांची डॉक्टरकी पुरी केली होती. डिग्री भिंतीवर टांगली होती. पण पेशंटला हात लावायचा तर त्या देशाचा परवाना हवा. परवान्यासाठी परीक्षा, आणि परीक्षेला आपला पेशंट आपणच घेऊन यायचा! जिवंत. त्याचा दात किडलेला हवा, पण फार नाही. बाहेरून शिकायला आलेल्यांना शिक्षण संपल्यावर तिथे राहायला मिळतं, ती मुदत संपत आली होती. एका दवाखान्याच्या मालकाने सांगितलं होतं, "परवाना घेऊन या, नोकरी देतो, व्हिसाचंही बघतो." म्हणजे दात मिळाला तर परीक्षा, परीक्षा झाली तर परवाना, परवाना आला तर नोकरी, नोकरी लागली तर व्हिसा. तिचं सगळं आयुष्य एका अनोळखी माणसाच्या किडीवर अडलं होतं. ती लोकांच्या डोळ्यांत बघणंच विसरली होती, नजर कायम ओठांवर. दोघातिघांचे गैरसमजही झाले होते.

"म्हणजे माझा दात तुम्हाला हवाय," सगळं ऐकून तो म्हणाला.

"काढून नाही. फक्त भरून. फुकट."

"एक अट आहे. मला दाताच्या डॉक्टरची भीती वाटते. तेव्हा तुम्ही सतत बोलत राहायचं. आपल्या भाषेत."

"काय बोलू?"

"काहीही. मशीनशी बोललात तसं. मी गाडी शिकवतो. दिवसभर लोक माझ्याशी एकच बोलतात, 'ब्रेक दाबू का?' घरी जातो तर तिथे कुणीच नाही."

त्या क्षणापासून तो 'मास्तर' झाला आणि ती 'डॉक्टर'.

एक्स-रे काढायला तो आला तेव्हा तिला त्याची एक खोड कळली. शिकाऊ चालकाशेजारी बसून बसून त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. ती आरसा घेऊन जवळ आली की खुर्चीच्या टोकाशी त्याचा बूट करकचून दाबला जाई.

"मास्तर, मी अजून हातही लावला नाही."

"आअं... अआ..."

"काय म्हणताय?"

तिने आरसा बाजूला घेतला तसा तो म्हणाला, "म्हटलं, लावा ना मग."

तिला हसू आलं. मास्कच्या आत हसण्याचा एक फायदा असतो, समोरच्याला फक्त डोळे दिसतात. पण तो नेमका डोळ्यांकडेच बघत होता.

एक्स-रे चांगला आला. कीड नियमात बसत होती. जेमतेम, पण बसत होती. तिने घरी जाऊन आजीबाईला मिठी मारली. आजीबाई तिच्याच वर्गातली, तिच्याच वयाची, एका खोलीत राहणारी मैत्रीण. सल्ले देण्याच्या हौसेपायी वर्गाने तिला ते नाव ठेवलं होतं. मागच्याच खेपेला ती परीक्षा पास झाली होती.

"दात मिळाला, आता त्या दाताला सांभाळ," आजीबाई म्हणाली. "परीक्षेच्या दिवशी पळतात हे लोक."

दाताला सांभाळायचं म्हणून ती रोज संध्याकाळी मास्तरांच्या गाडीतून घरी यायला लागली. तो चालवायचा, ती शेजारी. शिकवणीच्या गाडीतला दुसरा ब्रेक तिच्या पायाशी. "चुकून दाबू नका," तो म्हणायचा. "मुद्दाम दाबला तर?" ती म्हणायची. अटीप्रमाणे ती बोलत राहायची. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर कुत्रा कसा मागे लागला, आई लेकीच्या पहिल्या पगाराची कशी वाट बघतेय, प्रत्येक देशात दात तेवढेच पण परवाना मात्र वेगळा, हा कुठला न्याय... तो ऐकायचा. काचेवरची पाती सर्र सर्र फिरायची. एका सिग्नलला दिवा हिरवा झाला तरी गाडी हलेना.

"मास्तर, हिरवा."

"दिसला मला," तो म्हणाला, तिच्याकडे बघत. "तू बोल ना पुढे."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनीही विचारलं नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा तिने त्याच्या त्या दोन दातांमध्ये रबराचं इवलंसं कडं बसवलं. दोन दिवसांत दात जरासे दूर होतात आणि एरवी झाकलेली दाताची भिंत डोळ्यांनी दिसते. परीक्षेला याची गरज नव्हती, एक्स-रे पुरे होता. तिलाच बघून खात्री करायची होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने कडं काढलं, हवेचा झोत मारला, आरसा धरला. आणि बोलायची थांबली.

"आआ?" मास्तर.

भिंत शाबूत होती. पांढुरका डाग होता, पण वर कवच अखंड, गुळगुळीत, चमकदार. खड्डा नव्हताच. औषधाचा लेप लावला, दोऱ्याने नीट साफ केलं, चहातली साखर कमी केली, की कीड होती तिथेच थांबली असती. आणि यंत्र लावलं तर? चांगला दात कापायचा, त्यात सिमेंट भरायचं, काही वर्षांनी ते काढून मोठं भरायचं, मग आणखी मोठं. दात काही पुन्हा उगवत नाही.

"भर की मग," गाडीत तिने हे सांगितल्यावर तो म्हणाला. "माझा दात, माझी मर्जी."

"हात माझा आहे."

"अगं, एक दात!"

आजीबाईही फोनवर तेच म्हणाली. "बत्तीसातला एक गं. माझ्या पेशंटचा तर याहून बरा होता. परीक्षक एक्स-रे बघतात, तुझं मन नाही."

"बत्तीस आहेत म्हणून काय त्याने वाटायला काढलेत?"

मग आई. आईला सगळी हकिकत पाठ होती. "मुलगा चांगला आहे म्हणतेस, तिथलाच नागरिक झालाय म्हणतेस, मग घोडं कुठे अडलंय? लग्न करून टाक आणि बस निवांत."

"आई, इतकी वर्षं मी दात शिकले. निवांत बसायला नाही शिकले."

फोन स्पीकरवर होता, शेजारी मास्तरने सगळं ऐकलं होतं. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. छपरावर पाऊस ताडताड वाजत होता.

"आई चुकीचं नाही म्हणत," तो म्हणाला. "लग्न कर माझ्याशी. व्हिसाचा प्रश्नच मिटेल. परीक्षा नंतर दे, हवी तेव्हा..."

"दात नको म्हटलं तर लगेच हात?"

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही! काल का नाही विचारलंस?"

"काल... धीर झाला नाही."

"आणि आज झाला. कारण आज मी अडलेय. मास्तर, माझी गाडी मी चालवतेय, आणि तू सवयीने ब्रेक दाबतोयस."

"मला तू हवी आहेस, एवढंच आहे त्यात."

"मग हवी म्हण! 'प्रश्न मिटेल' का म्हणतोस? मी प्रश्न आहे का?"

ती उतरली. छत्री गाडीतच राहिली. घरी पोचेपर्यंत ती नखशिखांत भिजली होती आणि रागाने अंग गरम होतं. रडू आलं ते आंघोळ करताना. रडणं आणि भिजणं एकदमच उरकलं.

सकाळी परीक्षेच्या हॉलबाहेर मास्तर खुर्चीत बसलेला दिसला. दाढी केलेली, डोळे झोप न झालेले.

"आलास कशाला?"

"तुझा पेशंट आहे मी. यायचं कबूल केलं होतं." मग म्हणाला, "काल चुकलं माझं. तू करशील ते मला मान्य आहे. भर, नाहीतर नको भरू."

आत खुर्च्यांची लांबच लांब रांग, प्रत्येक खुर्चीवर दिवा, आणि यंत्रांचा बारीक किंकाळीसारखा आवाज. परीक्षक बाई आल्या. चष्मा कपाळावर, चेहरा इस्त्री केलेला. एक्स-रे पाहिला, खूण केली. "चालेल. सुरू करा."

तिने यंत्र हातात घेतलं.

किती सोपं होतं! घटकाभराचं काम. तिचा हात चांगला होता, सगळे म्हणत. मग परवाना, नोकरी, भाड्याची का होईना पण आपली खोली, रोज संध्याकाळी हीच गाडी. खाली मास्तर डोळे मिटून, तोंड उघडून पडला होता, इतक्या विश्वासाने की तिला त्याचाच राग आला. भिणाऱ्या माणसाने असं पडून राहू नये.

तिने यंत्र जागेवर ठेवलं आणि हात वर केला.

"हा दात मी कापणार नाही."

परीक्षक बाईंनी चष्मा खाली ओढला. "एक्स-रेमध्ये कीड नियमात बसते."

"एक्स-रेमध्ये बसते. दातात बघा."

बाईंनी आरसा घेतला. वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी काम थांबवून इकडे बघायला लागली.

"तुमचं बरोबर आहे," बाई हळूच म्हणाल्या. "पण मग तुमच्याकडे पेशंट नाही. पेशंट नाही तर काम नाही. मला शून्य द्यावं लागेल."

"द्या."

"पुन्हा विचार करा. तुमच्यासारख्यांचं काय काय अडलेलं असतं, मला माहीत आहे."

"मलाही माहीत आहे, बाई. शून्य द्या. ठळक काढा."

तिने कोट काढून हातावर घेतला. मास्तरच्या गळ्यातला कागदी रुमाल सोडला आणि म्हणाली, "चला. उठा." रांगेतून बाहेर जाताना तिची मान ताठ होती. दार कुठल्या बाजूला होतं ते मात्र तिला आठवेना. तिने मास्तरचा दंड धरला होता, त्यामुळे हे गुपित त्याला तेवढं कळलं.

बाहेर पाऊस उघडला होता. पायऱ्यांवर पाणी साचलं होतं आणि दोघांनाही कुठे जायचं ते सुचत नव्हतं.

"आता?" तो म्हणाला.

"आता ऐक. मध्ये बोलू नकोस. माझ्याकडे परवाना नाही, नोकरी नाही, व्हिसा संपत आलाय. लोक म्हणतील, कागदांसाठी गळ्यात पडली. म्हणोत. मला तू आवडतोस. खूप. दात सोडून उरलेला सगळा... आणि दातसुद्धा."

त्याने तोंड उघडलं.

"मध्ये बोलू नकोस म्हटलं ना! लग्नाचं माझा परवाना आल्यावर बघू. तोवर विचारलंस तर मी भांडेन. मी घरी जाणार. तिथून पुन्हा अर्ज करणार, परीक्षेपुरता व्हिसा काढून येणार, खरोखर किडलेला दात शोधणार. जगात काय कमी आहेत?"

"आणि मी तोवर?"

"तू दोऱ्याने दात साफ करणार. रोज."

तो हसला, मग गंभीर झाला. "मी येतो. तुझ्या घरी. आईंना भेटतो. लग्नाचं नाही बोलणार, नुसता चहा पितो. बिनसाखरेचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली आणि एकाएकी तिला हसू फुटलं. इतकं की तिला पायरीवर बसावं लागलं.

"काय झालं?"

"मास्तर, तू इथला पासपोर्ट घेतलायस. माझ्या घरी यायचं तर आता तुला व्हिसा लागेल!"

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"रांगेत उभा राहा," ती डोळे पुसत म्हणाली. "कान दिसतील असा फोटो काढ. बँकेचे कागद ने. मग काचेपलीकडचा माणूस तुला वरपासून खालपर्यंत बघेल आणि विचारेल, 'परत जाल ना नक्की?'"

"मी काय सांगू त्याला?"

"तुझं तू ठरव. मी इतकी वर्षं ठरवतेच आहे."

तो तिच्या शेजारी ओल्या पायरीवर बसला. पॅन्ट भिजली, तरी हलला नाही. बोटं तिच्या बोटांना लागली आणि तिथेच राहिली.

"अर्जात येण्याचं कारण विचारत असतील," तो म्हणाला. "काय लिहू?"

तिने त्याची हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. या वेळी तिने दातांकडे बघितलंही नाही.

"लिही, तिने बोलावलंय."