कोरे हात

रोपणयंत्राच्या खुर्चीत बसायला नवनाथ बोऱ्हाडे काही केल्या तयार होईना. कौशल्यरोपण केंद्राची ती पांढरीफेक प्रयोगशाळा, वरून डोक्यावर उतरणारा चकचकीत टोप आणि समोर डॉक्टर केंजळे.

"अहो बोऱ्हाडे, दुखत नाही," केंजळेबाई म्हणाल्या.

"दुखण्याला कोण भितंय मॅडम? पंचवीस वर्षं हातोड्याखाली लाल लोखंड फिरवलंय. पुसणार काय, ते आधी सांगा."

प्रश्न रास्त होता. करंजखोऱ्यात हल्ली तो कुणी विचारत नसे, एवढंच. एके काळी या अख्ख्या महानगराची चूल एकाच धंद्यावर पेटायची, इंजिनांच्या सुट्या भागांवर. इंजिनं गेली आणि घरोघरच्या चुली एकदम थंडावल्या. मग सुचलं शहाणपण! मंडळ बसलं, ठराव झाला, की यापुढे एकाच धंद्याच्या भरवशावर राहायचं नाही. लस आली, बॅटऱ्या आल्या, ड्रोन आले. एक बुडाला की माणसं उचलायची आणि दुसऱ्यात टाकायची. पण कारखाना वर्षात उभा राहतो, हात तयार व्हायला दहा वर्षं जातात. म्हणून हे केंद्र निघालं.

"हाताचं कसब मेंदूच्या मागच्या भागात साठतं," केंजळेबाईंनी समजावलं. "त्याला आम्ही हस्तस्मृती म्हणतो. तिथे जागा मोजकी. जुनं कसब पुसलं की नवं बसतं. सकाळी हातोडेवाला, संध्याकाळी लसीच्या कुप्या भरणारा पक्का कारागीर."

"आणि खुणा?"

खुणांचं बाईंना ठाऊक होतं. हातोडा-विभागात कानठळ्या बसायच्या. तिथे तोंडाचा उपयोग तंबाखू चघळण्यापुरता, बोलायचं ते हातांनी. नवनाथची बायको बाळंतपणात गेली, आणि पोर दोन वर्षांची झाल्यावर कळलं की तिला ऐकू येत नाही. कर्णबधिरांची शाळा लांब होती, तिथे ईश्वरी महिनाभरसुद्धा टिकली नाही. नवनाथला हातांची एकच बोली येत होती. तीच त्याने पोरीला दिली. 'भट्टी रिकामी' म्हणजे भूक लागली. 'लोखंड लाल' म्हणजे बाप चिडलाय. पोरीने तिच्यात आपली भर घातली, बापाच्या घोरण्यालासुद्धा एक खूण ठेवली. आता ती बोली पुरती अशी या दोघांनाच येत होती.

"खुणा जातील," बाई शेवटी खरं बोलल्या. "हातोड्याच्या कसबात त्या गुंतल्यात. आणि हात जे विसरतो, ते डोळ्यांनाही ओळखू येत नाही. दोन्हीची वाट एकच असते."

"मग राहू द्या तुमची नोकरी."

असं म्हणायला सोपं होतं. घरात नोकरी नाही, तर महिनाअखेर कंपनीची खोली खाली करायची होती. बाकावर बसलेल्या ईश्वरीने दोघांच्या चेहऱ्यांवरून सगळं ताडलं होतं. एकोणीस वर्षांची, पण महा चलाख. तिने बापाच्या खांद्यावर थाप मारली आणि हात भराभर हलवले.

"काय म्हणतेय?"

"म्हणतेय, म्हाताऱ्या, सरक, मी बसते." नवनाथचे डोळे भरून आले होते. "वर म्हणतेय, पहिल्या पगारात तुझ्या घोरण्यावर औषध आणते."

केंजळेबाई हसल्या. "लसीच्या दालनात ऐकायचं काम नाहीच. हिने कुठल्या कारखान्यात काम केलंय?"

"छे! गेटच्या आत पाऊल नाही टाकलं कधी."

"मग उत्तम! पाटी कोरी. पुसायचं काहीच नाही, नुसतं लिहायचं."

नवनाथलाही ते पटलं. ज्या हातांनी हातोडा कधी धरला नाही, त्यांतून यंत्र काढणार तरी काय? पोरीच्या खुणा म्हणजे त्याच्या लेखी घरातलं बोलणं. त्या कारखान्यातून आल्या, हे तो केव्हाच विसरला होता. बाईंनाही घाई होती. करारावर अंगठे उमटले, टोप खाली आला.

टोप वर गेला तेव्हा ईश्वरीची बोटं हवेतल्या हवेत कुप्या उचलत होती. काय सफाई! बाई खूश झाल्या. नवनाथने पुढे होऊन खुणेने विचारलं, भूक लागली का?

ईश्वरी त्याच्या हातांकडे बघत राहिली. त्याने पुन्हा विचारलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग तळहात सपाट धरून बाजूला सारला.

"हे काय नवीन?"

"दालनातली खूण आहे ती," केंजळेबाईंचा आवाज खाली गेला. "बाद. म्हणजे कुपी सदोष आहे, बाजूला काढा."

त्यांनी पडद्यावरची नोंद उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "यंत्र माणूस बघत नाही हो, नमुना बघतं. हातोडा-विभागाचा नमुना तुमच्याच माणसांच्या मेंदूंवरून घेतलाय. प्रत्येकाच्या हातात त्या खुणा होत्या. यंत्राने हिला तुमच्या विभागातली जुनी कामगार धरलं, आणि जागा मोकळी केली. मी बघायला हवं होतं."

"मी परत शिकवीन!"

"टिकणार नाही. नोकरी आहे तोवर ती जागा दर आठवड्याला साफ होते. आणि करार झालाय, बोऱ्हाडे."

नवनाथ लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. ईश्वरी घाबरली. बाप होता तो तिचा, रडताना तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं. काय झालं, हे विचारायला तिचे हात वर आले आणि तसेच थांबले. विचारण्याजोगं त्यांत काही उरलंच नव्हतं.

बाहेर कारखान्याची गाडी येऊन उभी राहिली. नवनाथने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"मॅडम, त्या दालनात खुणा किती?"

"थोड्याच. थांबा, पुढे, बाद."

"पोरीला जवळ बोलवायचं असेल तर?"

"तशी खूण नाही. तिथे कुणी कुणाच्या जवळ जात नाही. हवा दूषित होते."

नवनाथने पोरीकडे पाहिलं. खोली तर राखायलाच हवी होती.

"'पुढे'ची खूण दाखवा."

बाईंनी दोन बोटं छातीपासून समोर नेली. नवनाथने आपल्या जाड, पोळलेल्या बोटांनी तसंच केलं. कळण्याजोगं काहीतरी दिसल्याबरोबर ईश्वरीचा चेहरा उजळला. ती बापाकडे बघून हसली, मान डोलावली आणि पाठ फिरवून गाडीकडे चालू लागली.