आण्णांच्या डोळ्यातला ठिपका

आण्णा बोलत होते आणि शलाका फोटो धूत होती. धूत म्हणजे पाण्यात नव्हे, ते दिवस गेले. लॅपटॉपवर बसून उजेड कमी कर, सावली उचल, ह्यालाच तिच्या फोटो क्लबातली पोरं धुणं म्हणायची. स्क्रीनच्या एका कोपऱ्यात, काडेपेटीएवढ्या चौकटीत, आण्णांचा मिशीवाला चेहरा.

"जेवलीस का?" आण्णांनी विचारलं.

"हं, जेवले की आण्णा," शलाकाचा आवाज म्हणाला.

शलाकानं तोंड उघडलंसुद्धा नव्हतं. उघडणार कसं, तोंडात वडापाव कोंबलेला.

पलीकडच्या खाटेवर फरजाना पाय हलवत पडली होती. ती म्हणाली, "वर्गातली हजेरी प्रॉक्सीनं लावतेस ते ठीक गं. बापाचीपण?"

"गप गं. चार दिवसांचा प्रश्न आहे."

आता हे काय प्रकरण, ते सांगायला पाहिजे. फोनावर बोलताना मध्येच नेट गळालं की पूर्वी समोरचा माणूस तोंड वासून चित्र होऊन बसायचा. मग फोनवाल्यांनी पुरवणी काढली. नेट गेलं की मधला तुकडा फोनच भरून काढणार. माणूस आधी कसा दिसत होता, काय बोलत होता ते बघून पुढचा चेहरा, पुढचा आवाज अंदाजानं. लोकांना पत्ताही लागायचा नाही. पण कंपनीनं तिच्या गळ्यात पट्टा घातलेला. काही सेकंद झाले की पुरवणी बंद आणि 'संपर्क तुटला' अशी पाटी.

शलाका घोलप, इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष, हिनं तो पट्टा काढून टाकला. कॉलेजच्या टेक-फेस्टसाठी प्रोजेक्ट पाहिजे होता. नाव ठेवलं हुंकारा. गोष्ट सांगणाऱ्याला समोरून 'हं, मग?' म्हणणारं कुणीतरी लागतं, नाहीतर गोष्ट जागची हलत नाही, हे आण्णांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. हिनं हुंकारा द्यायलाच यंत्र बसवलं. माणूस दुसऱ्या कामात असला, कॉलसमोरून उठून गेला, तरी त्याच्या चेहऱ्यानं, त्याच्या आवाजात हुंकारा बोलत राहणार.

एक प्रत तिच्या लॅपटॉपवर होती. दुसरी तिनं संक्रांतीला घरी गेल्यावर आण्णांच्या फोनात घातली. आण्णा वारणेकाठच्या उपसा योजनेवर पंप ऑपरेटर. पंपहाऊसशेजारीच दोन खोल्या, आई गेल्यापासून एकटेच. गाव लांब, जागा खोलात, नेट येतंय-जातंय. नेट गेलं की आण्णा फोन भिंतीवर आपटायला उठायचे. म्हणून ती प्रत. शिवाय हिरवं बटण सोडून ते लालच दाबायचे, म्हणून संध्याकाळचा कॉल ठरल्या वेळी आपोआप लागेल असंही तिनं करून ठेवलं. लेकीची मायाच म्हणायची की ती.

पण मग सबमिशनं आली, त्यात फेस्ट आणि फोटो क्लबाचं प्रदर्शन. तीन चुलींवर तीन भांडी आणि हात दोन. संध्याकाळचा कॉल हळूहळू हुंकाऱ्याच्या गळ्यात पडला.

"प्रदर्शनाला काय लावणार आहेस?" फरजानानं विचारलं. "विषय 'चेहरा' आहे ना? आण्णांचा लाव की. काय मिशी आहे!"

शलाकाला पटलं. तिनं चालू कॉलमधलंच एक चित्र उचललं आणि मोठं केलं. क्लबाच्या सरांची शिकवण अशी, की चेहऱ्याआधी डोळ्यातला ठिपका बघा. बुबुळात समोरचा उजेड उतरतो. खिडकी असेल तर चौकोन, दिवा असेल तर गोल. त्यावरनं फोटो कुठं, कशा उजेडात काढला ते कळतं.

आण्णांच्या दोन्ही डोळ्यांत गोल ठिपका होता. पिवळा.

शलाका चावायची थांबली.

"काय झालं गं?"

"ट्यूब आहे तिथं. संक्रांतीला मी स्वतः लावली. डोळ्यात लांब पांढरी रेघ पाहिजे."

"बल्ब लावला असेल परत."

"बल्ब माझ्या हातनं फुटला, फरजाना. होल्डरपण काढून टाकला मी. आण्णा स्टूल धरून मला शिव्या देत होते."

तिनं कालच्या कॉलचं चित्र काढलं. गोल ठिपका. परवाचं. गोल ठिपका. आण्णांच्या प्रतीला त्यांचा चेहरा शिकवायला तिनं दिवाळीतले जुने कॉल घातले होते. तेव्हा त्या खोलीत बल्ब होता.

म्हणजे हा चेहरा आण्णांचा नव्हता, प्रतीनं रचलेला. तिनं हुंकारा बंद केला, वडापाव बाजूला ठेवला आणि खऱ्या तोंडानं बोलली.

"आण्णा, मी बोलतेय."

"बोल की."

"हात दाखवा तुमचा. उजवा."

"दाखवतो की. अभ्यास कसा चाललाय?"

"आण्णा, हात."

"हां हां. तब्येत संभाळ बघ."

हात वर आला नाही. मिशी हसली, डोळे मिटले, उघडले. गोल ठिपका जागच्या जागी. फरजाना खाटेवरून उठून तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

"आण्णा," शलाकाचा आवाज चिरकला, "मला शिवी द्या."

"नेट जरा कमी हाय बघ इथं."

"गाढवे म्हणा. एकदा म्हणा हो, गाढवे."

"जेवलीस का?"

आण्णांच्या तोंडात शिवी नाही असा दिवस नसायचा. आनंदात गाढवे, काळजीत घोड्ये, आणि खूपच माया आली तर जे काही म्हणायचे ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पण प्रोजेक्टच्या मॅडम म्हणाल्या होत्या, बाहेरचे परीक्षक येणार, भाषा स्वच्छ पाहिजे. म्हणून हिनंच प्रतीतून सगळ्या शिव्या गाळून टाकल्या होत्या. आता ती आठवायला बसली, की आण्णांनी आपल्याला शेवटची शिवी कधी घातली? आठवेना. ह्या आठवड्यात नाही. मागच्या? मागच्या आठवड्यात तरी ती स्वतः कुठं बोलली होती!

तिनं योजनेच्या ऑफिसला फोन लावला. बाई होती कुणीतरी, गोड आवाजाची. "घोलप कामावर आहेत. निरोप देते हं."

"त्यांना जाऊन बघून येता का कुणी? प्लीज."

"घोलप कामावर आहेत. निरोप देते हं."

तोच गोडवा, 'हं'वर तोच हेलकावा. विंचू चावल्यासारखा शलाकानं फोन खाली टाकला. पुरवणी कुणाकुणाकडं होती? कुणाला फोन लावायचा, आणि उचलणारा माणूसच आहे हे कशावरून धरायचं?

"स्कूटीची किल्ली दे," ती म्हणाली.

"मागं बस, मी चालवते," फरजाना म्हणाली.

रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, धूळ, कलत्या उन्हाचा पट्टा. एरवी अशा उजेडासाठी शलाका गाडी थांबवून रस्त्यात आडवी पडली असती कॅमेरा घेऊन. आज कॅमेरा खोलीतच राहिला होता.

नदीकडं उतरायला लागल्यावर तिला कळलं की कायतरी चुकतंय. आवाज नव्हता. पंपाच्या मोटारींची घरघर ऐकत ती लहानाची मोठी झाली होती, झोपेतसुद्धा. आज नदी नुसतीच वाहत होती.

घराला बाहेरून कडी, कडीत काटकी खुपसलेली. आतून मात्र बोलण्याचा आवाज येत होता.

"आण्णा!" तिनं काटकी उपसून दार ढकललं.

खोलीत कुणी नव्हतं. पलंग मोकळा, गोधडी अर्धी जमिनीवर. फळीवर फोन चार्जिंगला लावलेला, आणि तो बोलत होता.

"जेवलीस का?"

"हं, जेवले की आण्णा."

"अभ्यास कसा चाललाय?"

"चाललाय की. तुम्ही काळजी घ्या."

हुंकारा तिनं बंद केला होता, पण बराच वेळ कुणी बोललं नाही की तो आपणहून चालू व्हायचा. तीही तिचीच हुशारी. खोलीवर लॅपटॉप उघडा राहिला होता. फोनात शलाका हसत होती. दारात शलाका उभी होती. फोनातलीनं मान हलवली, केस कानामागं सारले, अगदी शलाका सारते तसेच. फोनातल्या आण्णांना खोलीतले आण्णा लागत नव्हते आणि शलाकाला शलाका लागत नव्हती. दोघांचं मजेत चाललं होतं.

फरजानानं पुढं होऊन फोनची वायर उपटली आणि बटण दाबून धरलं. मगच शांत झालं.

"आलीस व्हय?" मागून आवाज आला. रंगूमावशी, काठावर म्हशी राखणारी. हातात काठी, कपाळाला आठ्या. "आत्ता आलीस?"

शलाका तिच्याकडं धावली, पण जवळ जाऊन थबकली आणि आधी तिच्या मनगटाला हात लावला. गरम होतं. "मावशी, आण्णा कुठायत?"

"कुठायत म्हंजी? तालुक्याला, सरकारी दवाखान्यात. पंपाच्या पायऱ्यांवर शेवाळ, घसरला. खुबा मोडला. तुला म्हायती न्हाई?"

"नाही ओ."

"खोटं नगं बोलू. माझ्यादेखत सांगितलं तुला. आम्ही उचलून पलंगावर टाकला, तेवढ्यात तुझा फोन लागला. म्हणला, शलू, पडलो गं, पाय हलंना. आन तू काय म्हणलीस?" मावशीनं काठी जमिनीवर आपटली. "हसून म्हणलीस, हं आण्णा, काळजी घ्या."

शलाकानं वळून फळीवरच्या फोनाकडं बघितलं.

"डॉक्टर म्हणला, पोरीला कळवा. ह्यो म्हणला, तिला म्हायती हाय. तिला कामं असत्याल."

दवाखान्यात पोहोचेतो दिवे लागले होते. वॉर्डाच्या टोकाला आण्णा, पायाला वजन बांधलेलं, दाढी वाढलेली, मिशी विस्कटलेली. वर छताला लांब ट्यूब. शलाका जवळ गेली आणि पहिल्यांदा काय बघितलं असेल तर त्यांचे डोळे. दोन्ही बुबुळांत पांढरी रेघ होती. आणि रेघेखाली एक काळी आकृती, तिची स्वतःची.

"आण्णा."

आण्णांनी मान वळवली. तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गाढवे," ते म्हणाले.

तिला रडू फुटलं. आण्णा खरे होते. ह्या जगात हा एक माणूस तरी खरा होता, ह्याची खूण तिला मिळाली. तिनं त्यांचा हात धरला. पण त्यांनी तिचा धरला नाही. तसाच राहू दिला.

"मी नव्हते ते," ती म्हणाली. "ते मशीन होतं, आण्णा. माझं प्रोजेक्ट. मी ऐकलंच नाही तुमचं. मला माहीतच नव्हतं."

"आवाज तुझाच हुता."

"हो, पण मी नव्हते."

"त्वांडबी तुझंच हुतं. केस असं मागं घेतलंस." त्यांनी दुसऱ्या हातानं करून दाखवलं. मग डोळे बारीक करून, घाबरल्या लेकरासारखं, हळू आवाजात विचारलं, "मग ही तरी तूच कशावरनं?"

शलाका सांगायला गेली. काय सांगायचं? जेवलात का आण्णा? तब्येत कशी आहे? काळजी घ्या? जे जे शब्द तोंडाशी आले, ते सगळे हुंकारा आधीच वापरून बसला होता. कितीतरी दिवसांत त्याखेरीज ती बापाशी दुसरं काही बोललीच नव्हती, मशीन यायच्या आधीपासून.

आण्णा वाट बघत होते. तिच्या तोंडून काय निघतं, ह्याची.