डाव्या पायाचा रिपोर्ट

यशदीपने माझ्या चेहऱ्याआधी माझा डावा पाय पाहिला. सहज नजर गेली असं नाही हं, चांगला वीस किलोमीटर पाहिला… रायपूरच्या टाटीबंधपासून रिंग रोडने पचपेडी नाक्यापर्यंत आणि परत. मांडीवर फॉर्म, हातात पेन आणि मान खाली. मी मनात म्हटलं, बाप्पा, हा काय नमुना आहे.

झालं असं होतं की आमची गाडी घेऊन जेमतेम आठ महिने झाले होते आणि तिची क्लच प्लेट जळाली. उड्डाणपुलावर चढताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही पुढे सरकायची नाही, आणि वास असा की कोणी रबरी चप्पल चुलीत टाकलीय. वॉरंटी दोन वर्षांची होती. पण वर्कशॉपच्या मॅनेजरने गाडी न बघताच सांगून टाकलं की पार्टमध्ये काही खराबी नाही, ‘मैडम लोग’ क्लचवर पाय ठेवून चालवतात, त्याला कंपनी काय करणार. ते ऐकून माझ्या सख्ख्या बापाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चोरीच केली होती. घरी आल्याबरोबर माझी किल्ली त्यांच्या कपाटात गेली.

ती किल्ली माझ्यासाठी काय होती, ते सांगते. माझी नोकरी नवा रायपूरच्या सरकारी ऑफिसात. आम्ही राहतो गुढियारीत. सकाळची बस चुकली की दिवसाचं वाटोळं. पण बसचं सोडा. घरात मी सत्तावीस वर्षांची होऊनही कुठे चालली, कोणासोबत चालली, कधी येशील, सगळं सांगावं लागतं. गाडीत काच वर केली की तेवढा पाऊण तास मी कोणाचीच नसायचे. बेसूर गायचे, साहेबाला शिव्या घालायचे, मन भरून यायचं तर रडून घ्यायचे. तो पाऊण तास मला परत पाहिजे होता, बस.

आणि बाबा ऐकायला तयार नव्हते. बाबा म्हणजे शामराव नंदेश्वर, रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर, चौतीस वर्षांत एक ठपका नाही. रिटायर झाल्यावर हौसेने गाडी घेतली. त्यांचा हिशोब सरळ होता. घरात गाडी चालवणारे दोघं, एकाने जन्मभर इंजिन चालवलं, दुसरीने आत्ता कुठे लायसन्स काढलं. मग विचारायचं काय त्यात?

मी पण त्यांचीच पोरगी. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये जाऊन ठाण मांडलं आणि म्हटलं, कोणीतरी माझ्या बाजूला बसा, मी कशी चालवते ते डोळ्यांनी पाहा, मग काय लिहायचं ते लिहा. मॅनेजरने कंटाळून वॉरंटीच्या टेबलावरच्या यशदीपला पाठवलं आणि शोरूमची आमच्यासारखीच एक गाडी दिली. उंच, सावळा, केसांना नीट भांग पाडलेला, आणि तोंडाला कुलूप लावलेला माणूस.

पाच किलोमीटर झाल्यावर मला राहवेना. जरा रस्त्याकडे पण बघा म्हटलं, तर खाली मानेनेच म्हणतो, “रोड आप देख रही हैं न, मैडम.” पचपेडी नाक्याजवळ आईचा फोन आला. गाडी बाजूला लावून मी आईला आपल्या बोलीत सांगितलं की एक मुका पोट्टा बाजूले बसवला आहे, अर्धा तास झाला मान वर करून नाही राहिला, अवघडली असेल बिचाऱ्याची. तो तसाच फॉर्मवर काहीतरी लिहीत राहिला.

वर्कशॉपला परत आल्यावर त्याने फॉर्म माझ्यापुढे सहीला सरकवला. माझी चालवण्याची पद्धत योग्य, क्लचवर विनाकारण पाय नाही, असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं. मी सही करताना तो हळूच म्हणाला, “मान अवघडली खरं. पण पाय चांगला आहे तुमचा.” मग कानापर्यंत लाल झाला. “म्हणजे… चालवायले.”

“मराठी येते त मघापासून हिंदी काहून बोलून राहिले होते?”

“घरी बोलतो ना, डोंगरगडले. इथं कोणी बोलत नाही, त… जीभ वळत नाही लवकर.”

मला इतकं हसू आलं की राग कुठच्या कुठे गेला. निघताना त्याने विचारलं, घरात अजून कोणी चालवतं का गाडी. मी म्हटलं, बाबा चालवतात, पण ते रेल्वेचे ड्रायव्हर, त्यांच्यात काय खोट निघणार. तो पण हसला. त्या दिवशी आम्ही ते हसण्यावारी नेलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. तेव्हा कोणाच्या डोक्यात येणार होतं.

वॉरंटीत नवीन प्लेट बसली, माझी किल्ली कपाटातून बाहेर आली. गाडी दिल्यावर तीन दिवसांनी कंपनीचा एक फोन करायचा असतो, तो यशदीपने केला. मग सातव्या दिवशी केला. मग पंधराव्या. गाडी कशी आहे? गाडी मजेत आहे. वास-बिस? वास नाही. बरं, मग ठीक आहे… आणि त्यानंतर दोघांपैकी कोणीच फोन ठेवायचं नाही. एकदा मी विचारलं, सगळ्याच गाड्यांची एवढी काळजी घेता का? तर म्हणाला, “नाही.” तेवढंच. मी त्या एका ‘नाही’वर आठवडाभर खुशीत होते, खोटं कशाला बोलू.

पाच महिन्यांनी पुन्हा तोच वास आला.

या वेळी भानगड मोठी झाली. एकाच गाडीची दुसरी प्लेट गेली म्हटल्यावर वरून विचारणा आली, की आधीचा रिपोर्ट कोणी लिहिला होता. वर्कशॉपमध्ये कुजबुज सुरू, की पोरगी पाहून क्लेम पास केला. हे मला रिसेप्शनवरच्या मीराने सांगितलं. मी यशदीपला विचारलं तर म्हणे, “होते सगळं नीट.” डोळ्यांखाली काळं आलेलं, आणि म्हणे नीट होते.

शेवटी ‘पार्टच खराब देता’ म्हणत बाबाच तणतणत वर्कशॉपला आले. यशदीपने त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, काका, आज तुम्ही चालवून दाखवता का? बाबा तर खूशच झाले. कोणीतरी त्यांना चालवून दाखवा म्हटलं होतं. शोरूमच्या त्याच गाडीत मी मागच्या सीटवर, मधोमध बसले.

बाबा झोकात चालवत होते. रस्ता मोकळा, गियर वरचा, क्लचचं काहीच काम नाही. आणि त्यांचा डावा पाय क्लचवर होता. नुसता ठेवलेला नाही, अर्धा दाबलेला. थोड्या थोड्या वेळाने पुरता खाली जायचा, वर यायचा आणि पुन्हा तिथेच बसायचा. मी पुढच्या दोन सीटच्या फटीतून बघत राहिले. इतके महिने त्यांच्या गाडीत बसले, पण बाबांच्या पायाकडे कोण बघतं?

यशदीपने सहज विचारल्यासारखं विचारलं, “काका, रेल्वेच्या इंजिनात डाव्या पायाखाली काय असते?”

बाबांची कळी खुलली. नव्या इंजिनात पायाखाली एक पेडल असतं, म्हणाले. ड्रायव्हर झोपला नाही ना, हे इंजिन दर मिनिटाला विचारतं. पेडल दाबलं तर ठीक, नाही तर आधी दिवा, मग भोंगा, आणि मग आपोआप ब्रेक. नोकरीची शेवटची बारा वर्षं अशा इंजिनावर त्यांनी एकदाही दिवा लागू दिला नव्हता. हे सांगता सांगता त्यांचा पाय पुन्हा खाली गेला आणि वर आला.

यशदीपने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली… नाही, सांगू नका.

परत आल्यावर मी त्याला गाड्या धुतात तिथे मागे ओढत नेलं आणि म्हटलं, “माझं नाव लिहा. लिहा का अपर्णा नंदेश्वर क्लचवर पाय ठेवून चालवते. मले बसची सवय आहे. बाबाईले काय राहिलं हो? एवढी एक सीटच त उरली त्यायची.”

तो पेनाचं टोपण काढत होता, लावत होता. “पार्ट खराब होता, असं लिहितो मी. तुमच्यासाठी लिहितो. नोकरीचं पाहू मग. पण तुमच्या पायाबद्दल खोटं… ते माझ्यानं नाही होत.”

कोणी माझ्यासाठी आपली नोकरी अशी पेनाच्या टोपणासारखी हातात खेळवत उभं राहिलं नव्हतं. तसं लिहू देणार नव्हतेच मी. मग दोघं तसेच उभे राहिलो, ओल्या फरशीवर, चपला भिजवत.

आत आलो तर बाबा टेबलापाशी उभे होते. गाडीतून काढलेल्या दोन्ही प्लेटा तिथे ठेवल्या होत्या, पहिली आणि दुसरी. बाबांनी एक उचलली, उजेडाकडे धरली, अंगठा फिरवला. सगळीकडे सारखी निळसर पडली होती.

“ब्रेक चिकटलेलं चाक घासून घासून असंच निळं पडते,” ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “अपर्णा, खरं सांग. हा माझा पाय आहे ना?”

जिभेला हाड नाही म्हणून माझं नाव आहे घरात. पण त्या वेळी नुसते डोळे भरून आले. बाबांना तेवढं पुरलं. त्यांनी यशदीपकडून फॉर्म मागून घेतला आणि शेऱ्याच्या जागी हिंदीत लिहिलं, की चालकाच्या सवयीमुळे खराबी, पार्ट ठीक, आणि आधीचा रिपोर्टही अचूक. खाली सही केली. मग आपली किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली आणि घरी चालत निघाले.

दोन्ही किल्ल्या माझ्या झाल्या. भांडून मागितलेलं सगळं मिळालं, आणि मला ती गाडी नकोशी झाली. बाबा पहाटे उठायचे, गाडी पुसायचे, पुसून झाली की ओला फडका वाळत घालून आत जायचे. दिवसभर पेपर एकाच पानावर.

एका रविवारी दारात स्कूटर थांबली. “जय भीम, काका.” यशदीप होता. म्हणाला, इतक्या वर्षांची सवय आपोआप नाही जात, महिनाभर मी बाजूला बसतो. बाबांनी रोखून पाहिलं. “मले शिकवाले आला?” तो म्हणाला, “नाही जी. नुसतं बसाले.” बाबांनी नाही म्हटलं. यशदीपने वाद घातला नाही. चहा घेतला, इंजिनांबद्दल दोन गोष्टी विचारल्या आणि गेला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. पुन्हा चहा, पुन्हा नाही. तिसऱ्या रविवारी स्कूटरचा आवाज आला, तेव्हा बाबा पायात बूट घालून ओसरीवर बसले होते. आई स्वयंपाकघरात गेली आणि पदराने डोळे पुसत पोहे भिजवायला लागली.

रेल्वेच्या डब्ल्यूआरएस कॉलनीच्या मोठ्या मैदानात शिकवणी सुरू झाली. डावा पाय सपाट खाली ठेवायचा, वळवळला तर क्लचऐवजी खालची जमीन दाबायची. पहिल्या दिवशी गाडी सात वेळा बंद पडली. क्रिकेट खेळणारी पोरं टाळ्या पिटायला लागली आणि बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मला वाटलं, बाजूला बसलेल्या त्या मुक्या माणसाच्या गळ्यात आत्ताच्या आत्ता पडावं.

शिकवणीच्या चौथ्या रविवारी यशदीप गाडीतून उतरला. काका, आता एक फेरी एकट्याने मारा, म्हणाला. गाडी हळूहळू पुढे गेली. मैदानाच्या कडेला कडुनिंबाखाली आम्ही दोघंच राहिलो. पहिल्यांदाच, मध्ये फोन नाही, फॉर्म नाही, काही नाही. एका फेरीला दोन मिनिटं लागतात, हे मला ठाऊक होतं.

“सुट्टीच्या दिवशी डोंगरगडले घरी जायचं सोडून इथं काहून येता?” मी विचारलं.

“काकांसाठी.”

“खरं सांगा.”

“…अर्धं काकांसाठी.”

मला अर्धंमुर्धं काही आवडत नाही. “मले तुम्ही आवडता,” मी म्हटलं. “तुम्ही चहा पिऊन गुपचूप परत गेले ना, तेव्हापासून तर लयच. आता तुमचं सांगा लवकर, गाडी वळली तिकडून.”

त्याने माझ्याकडे पाहिलं. नीट, सरळ, चेहऱ्याकडे. “मले वाटलं होतं, रिपोर्ट लिहिला का संपलं,” तो म्हणाला. “संपूनच नाही राहिलं, अपर्णा.”

आणि माझा हात धरला. गाडी जवळ येत होती, काच खाली होती, बाबा समोरच होते. हात सोडवायला पाहिजे होता… मी नाही सोडवला.

बाबांनी गाडी हळू केली. आमच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. मग सफाईने गियर टाकला आणि आणखी एका फेरीला निघून गेले.