जजबाई मध्यंतरात उठल्या

सोमवारी सकाळी पावणेदहाला जजबाई कॉलेजच्या जिन्याखालच्या बोर्डावर आपलं भित्तिपत्रक लावत होत्या. तोंडात चार टाचण्या, काखेत कागदाची गुंडाळी, आणि मागे कोणीतरी वाचत उभं आहे याची पूर्ण जाणीव. वाचणारा हसला नाही. हे तिला खटकलं, कारण घरापासून इथपर्यंत ज्यांना ज्यांना ती ओळ वाचून दाखवली होती, ते सगळे हसले होते.

ओळ अशी होती: ‘नाटकात दिवे इतके मंद होते की नटांचे चेहरे दिसले नाहीत. दिवेवाल्याने प्रेक्षकांवर केलेला हा एकमेव उपकार.’

“कोणी लिहिलंय?” त्याने विचारलं. खांद्यावर काळ्या वायरचं वेटोळं, बोटांना चिकटपट्टीचे तुकडे.

“मी.” तिने टाचण्या तोंडातून काढल्या. “पटलं नसेल तर चिठ्ठी लाव. खाली सही हवी. बिनसहीची चिठ्ठी कचऱ्यात जाते.”

“पटण्याचं नंतर बघू. शेवट कसा वाटला?”

“शेवट...” ती क्षणभर अडखळली. “ठीक. म्हातारी घर सोडून जाते, ते जरा अपेक्षितच होतं.”

“म्हातारी घर सोडत नाही.”

जिन्यावरून पोरांचा एक घोळका धडधडत खाली आला आणि कॅन्टीनकडे वळला.

“शुक्रवारी पाच वाजून सहा मिनिटांनी मागचं दार उघडलं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुणी वेळ विचारली आणि याने सांगितली, इतकं साधं. “ते दार उघडलं की बाहेरचा उजेड थेट वर माझ्या केबिनमध्ये येतो. निळा शर्ट, हातात वही. नंतर ते दार उघडलंच नाही.”

“म्हणजे दिवे—”

“माझे.”

आता ही जजबाई कोण, ते सांगायला हवं. खरी न्यायाधीश वगैरे काही नाही, शेवटच्या वर्षाला असलेली एकवीस वर्षांची मुलगी. पण दर सोमवारी ‘आमचं मत’ नावाचं सदर हाताने लिहायची आणि त्यात कुणाची गय करायची नाही, म्हणून सगळं कॉलेज तिला जजबाई म्हणायचं. मतं तिला कुठल्याही विषयावर असत. ‘कॅन्टीनचा चहा गरम असतो, एवढंच त्याच्याबद्दल खरं बोलता येतं.’ ‘तिन्ही उमेदवारांची पत्रकं शेजारी शेजारी ठेवून वाचली. फोटो वेगळे आहेत.’ ‘हल्ली पडद्यावर हिरो येताना इतका वारा सुटतो की गोष्ट उडून जाते.’ लोक सोमवारी चहा घ्यायच्या आधी हे वाचायचे. तिला ते फार आवडायचं, आणि त्यात लपवण्यासारखं काय आहे!

आणि भित्तिपत्रकासाठी तिनेच केलेला एक नियम होता. न पाहिलेल्यावर लिहायचं नाही. लिहिलं तर सदर गेलं. गेल्या वर्षी सिनेमावर लिहिणाऱ्या एका मुलाने नुसता ट्रेलर बघून परीक्षण ठोकलं, तर हिने त्याला भर बोर्डासमोर काढून टाकलं होतं. तेव्हापासून त्या बिचाऱ्याचं नावच ट्रेलर पडलं.

त्या शुक्रवारी नेमकं काय झालं होतं? मध्यंतरात बाहेर ड्रम वाजायला लागले, उमेदवारांची सभा सुरू झाली आणि निम्मा हॉल उठून पुढच्या दाराने गेला. तीही मागच्या दाराने गेली. कॉलेजच्या निवडणुकीवर लिहायचं होतंच. पण खरं सांगायचं तर सभा हे निमित्त. ती ओळ तिला मध्यंतराच्या आधीच सुचली होती, आणि सुचलेली ओळ पुढचं नाटक बघून बिघडू नये म्हणून ती उठली होती.

“काय करणार आहेस?” तिने विचारलं.

“मी? काही नाही. मला लिहायबिहायला जमत नाही.” त्याने वायर दुसऱ्या खांद्यावर घेतली. “शनिवारी दुसरा खेळ आहे. म्हणजे होता. हॉलसमिती गुरुवारी बसते. हे वाचलं की हॉल निवडणुकीच्या भाषणांना देतील, निमित्तच शोधतायत ते. चल, येतो.”

आणि गेला! भांडला असता तर तिने त्याला बघून घेतलं असतं. भांडायला ती केव्हाही तयार असायची. पण हा न भांडता गेला, त्यामुळे दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना.

घरी संध्याकाळी बाबा डेपोतून आले. ते बसडेपोत टाइमकीपर, त्यामुळे घरात सगळ्यांचीच वेळ ते नोंदवून ठेवायचे. “आज सव्वासातला जेवण अर्धं सोडलंस,” ते म्हणाले. “प्रकृती?”

“प्रकृतीला काय धाड भरलीय,” आत्या म्हणाली. आत्या टीव्हीवरची एकही मालिका सोडायची नाही आणि भाचीने लिहिलेला एकही कागद. “कुणीतरी तोंडावर उत्तर दिलेलं दिसतंय. काय गं?”

तिने सगळं सांगितलं. आत्याने चक्क टीव्हीचा आवाज बंद केला.

“दुसऱ्याचे कान पिरगाळताना बरा हात चालतो गं तुझा! आता स्वतःचा कान आला तर जेवण जाईना होय?”

“आत्या, सदर जाईल. तीन वर्षं लिहितेय मी. सगळे हसतील.”

“हसतील की. तू त्यांना हसायलाच शिकवलंयस.” मग जरा थांबून, “मुलगा दिसायला कसा आहे?”

“आत्या!”

“विचारलं फक्त. मालिकेत नेहमी असाच येतो.”

मंगळवारी दुपारी ती हॉलमागच्या लोखंडी शिडीने केबिनमध्ये चढली. शिड्यांची तिला भीती वाटायची, पण ते तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. वर दोन माणसं जेमतेम मावतील एवढी जागा. दिवे कमीजास्त करायच्या डिमरच्या बोर्डावर बारा दांड्या, त्यांच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेले आकडे, आणि तापलेल्या धुळीचा वास. तो खाली बसून दिव्यांपुढे लावायचा पिवळा जिलेटीनचा कागद कातरत होता.

“चिठ्ठी का लावत नाहीस?” तिने धापा टाकत विचारलं.

“आधी बस. तू पांढरी पडलीयस.”

“मी पांढरी वगैरे पडत नाही. उत्तर दे.”

“चिठ्ठी लावली तर लोक तुला हसतील. नाटक बघायला कोण येणार त्याने?” त्याने कात्री खाली ठेवली. “शिवाय मला तुझं सदर आवडतं. चहावरचं तर फारच.”

हे ऐकून ती खरंच बसली.

“निवडणुकीत कुणाला मत देणार?” काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

“जो सभेला या हॉलचे दिवे मागणार नाही त्याला.”

“मग कुणालाच नाही.”

“तेच तर. आणि तुझ्या त्या हिरोच्या वाऱ्याबद्दल सांगतो, तो वारा पंख्याचा असतो. आणि पंखेवाल्याला कुणी विचारत नाही की बाबा, एवढा कशाला.”

ती हसली. आपण हसतोय हे कळल्यावर तिने पटकन डिमरकडे पाहिलं. “एवढे मंद का ठेवले होतेस पण? खरंच चेहरे दिसत नव्हते.”

“दिसायचेच नाहीत. म्हातारीला दिसत नाही ना. पहिला अर्धा भाग तिला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. मुलं तिला सांगत राहतात, हे इथे कपाट आहे, हा तुझा आरसा, हे बाबांचं टेबल... तिला खरं वाटतं. आपल्यालाही वाटतं.” तो उठला. “खाली जाऊन बस. तिसऱ्या रांगेत.”

“आत्ता?”

“तुझा अर्धा भाग राहिलाय.”

ती तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. अख्ख्या हॉलमध्ये ती एकटी. रंगमंचावर तोच शुक्रवारचा अंधुक उजेड आला, आणि त्यात तिला खरंच कपाट असल्यासारखं वाटलं, आरसा असल्यासारखं वाटलं. वरून त्याचा आवाज आला, “आता तिचं डोळ्यांचं ऑपरेशन झालंय. पट्टी सोडतायत...” मग काळोख. मग एकदम सगळे दिवे.

रंगमंचावर काही नव्हतं. एक खुर्चीसुद्धा नाही. मुलांनी सगळं विकलं होतं.

नाटकाचं दुःख वेगळं आणि स्वतःचं वेगळं, हे तिला कळत होतं. जे बघायला थांबायलाच हवं होतं ते न बघताच ती लिहून मोकळी झाली होती, आणि वर त्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

“आणि मग ती काय करते?” तिने वर बघून विचारलं.

“शनिवारी बघ.” मग हलकेच, “खेळ झाला तर.”

बुधवारी सकाळी बोर्डावर एक चिठ्ठी लागली. ‘सोमवारच्या नाट्यपरीक्षणाबद्दल. लिहिणारी मध्यंतरात उठून गेली होती. दिवे मंद का होते हे कळायला पुढचा भाग बघावा लागतो, तो तिने पाहिला नाही. परीक्षण रद्द. नियमाप्रमाणे सदरही. शनिवारी चार वाजता ते नाटक पूर्ण बघा.’ खाली तिची सही, ठसठशीत.

व्हायचं ते झालं. दहाच्या सुट्टीत बोर्डासमोर हीऽऽ गर्दी. उमेदवारांच्या पोरांनी तर चिठ्ठीचे फोटो काढून सगळीकडे पाठवले, आठवडाभर पुरेल असा माल मिळाला होता त्यांना. ट्रेलर पुढे आला. तिने ‘आमचं मत’ची वही त्याच्या हातात ठेवली.

“मी?” तो चाटच पडला.

“तू. तुझ्याइतकं पूर्ण बघणारा आता कॉलेजात कुणी नाही.”

तिला रडू आलं, पण ते ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, सात मिनिटं, आणि मग तोंड धुऊन ती तासाला गेली. गुरुवारी हॉलसमितीने खेळ कायम ठेवला. एवढी बोंबाबोंब झाल्यावर ठेवावाच लागला.

शनिवारी हॉल भरला. जजबाईंनी काय पाहिलं नाही ते बघायला लोक आले होते. पहिल्या रांगेत ट्रेलर वही घेऊन, दुसरीत आत्या आणि हातात घड्याळ घेऊन बाबा. जजबाई मात्र वर होती. दिवेवाल्याचा मदतनीस उमेदवारांची पत्रकं वाटण्यात गुंतला होता, तेव्हा संहिता धरून दिव्यांच्या खुणा सांगायला माणूस हवा होता, आणि तिने शिडीकडे न बघता “मी येते” म्हटलं होतं.

मध्यंतर झालं. कुणी उठलं नाही. केबिनमध्ये त्यांचे खांदे एकमेकांना लागत होते, सरकायला जागाच नव्हती. ती पानावर बोट ठेवून कुजबुजत खुणा सांगत होती आणि त्याचे हात दांड्यांवर अलगद सरकत होते. पट्टी सोडायचा प्रसंग आला. काळोख झाला. तिला फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता, आणि मंगळवारपासून जे मनात होतं ते आता सांगितल्यावाचून राहवेना.

“मला तू आवडतोस,” ती म्हणाली.

“काय?”

“आवडतोस. दिवे!”

“अरे देवा—”

दिवे लागले. चार सेकंद उशिरा. रिकामा रंगमंच, मधोमध म्हातारी. म्हातारी एकेका रिकाम्या जागेसमोर थांबली आणि कपाटाला, आरशाला, टेबलाला नावाने हाक मारत राहिली. ती घर सोडून गेली नाही. खाली आत्या पदराने डोळे पुसत होती आणि वर जजबाई बाहीने.

पडदा पडल्यावर टाळ्या थांबायच्या आत नाटक बसवणारे सर केबिनच्या शिडीखाली येऊन उभे राहिले. “चार सेकंद! झोपला होतास का रे? तिथे म्हातारीचं काम करणारी पोरगी काळोखात घामाने भिजली!”

“चुकलो, सर,” तो वरून म्हणाला. बाकी काही नाही. सोमवारी बोर्डासमोर भांडला नव्हता, तसाच आताही सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन मोकळा होणार होता.

ती शिडी उतरून सरांसमोर उभी राहिली. मागे ट्रेलर, नट, आत्या, बाबा, सगळे जमलेले.

“त्याची चूक नाही, सर. मी त्याला सांगत होते.”

“खुणेच्या वेळी? काय सांगत होतीस एवढं?”

“की मला तो आवडतो.”

बाबांनी घड्याळ खिशात ठेवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“हे... हे मध्यंतरात सांगता आलं नसतं?”

“नाही सर,” ती म्हणाली. “मध्यंतरात मी आता मत देत नाही.”

आधी आत्या हसली, मग सगळेच. तो शिडीवर अर्ध्यात अडकल्यासारखा उभा होता, कान लालबुंद.

“मलाही,” तो म्हणाला. कुणाला ऐकू गेलं नाही म्हणून त्याने घसा साफ करून पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.

ट्रेलरने ते वहीत लिहून घेतलं.