कमरेएवढी पायरी

निळी मोटार कन्हेरीच्या फाट्यावर थांबली, तसा झुंबर टुणकन खाली उतरला. चार लोक काय म्हणतात ते त्याला ऐकायचं होतं. मोटार त्यानंच बांधलेली. मोटारीचे मालक आबासाहेब, त्यांनी लॉरीचा नुसता सांगाडा आणून दिला होता. झुंबरनं चार महिने खपून त्यावर सागवानी चौकट उभी केली, पत्रा ठोकला, नाकाडाला गोलाई दिली. पंचावन्न साली बारामती-इंदापूर रस्त्यावर एवढी देखणी सर्व्हिस मोटार दुसरी नाही, असं त्याचं ठाम मत होतं. मोटारींविषयी त्याची सगळीच मतं ठाम असत.

"ही मोटर हाय का माडी?"

तो गर्रकन वळला. डोक्यावर वांग्यांची पाटी घेऊन एक तरुणी उभी होती... कपाळावर घामाचे बारीक थेंब, आणि डोळ्यांत जाळ. तिच्याबरोबरच्या म्हातारीनं तेवढ्यात एक पाय कमरेएवढ्या पायरीवर टाकला. दुसरा अधांतरी लटकला आणि म्हातारी धाडकन रस्त्यावर आली. तिच्या पाटीतल्या मिरच्या चौफेर उधळल्या.

"जरा जपून, मावशी!" झुंबर ओरडला. "रंग अजून कवळा हाय!"

तोंडून शब्द निघाला मात्र, त्याचं त्यालाच कसंसं झालं. पण आता उशीर झाला होता.

"रंगाचं पडलंय तुमाला? माझ्या आत्तीचा गुडघा फुटला, त्यो दिसंना?"

"पायरी... सगळ्याच मोटारींची एवढी असती."

"कुणी ठरीवलं?"

तिनं आत्याला, छबूबाईला, कमरेला धरून वर चढवलं, मिरच्या गोळा केल्या आणि त्याच्याकडं ढुंकूनही न बघता आत जाऊन बसली.

इंदापूर येईस्तोवर झुंबर मनातल्या मनात तिला उत्तरं देत होता. एकही मनासारखं जमेना. शेवटी बाजारात तो थेट तिच्या वांग्यांपुढं जाऊन उभा राहिला.

"चूक माझी न्हाय," तो म्हणाला. "सांगाडाच मालाच्या लॉरीचा. कारखानेवाले त्यो ओझ्यासाठी करत्यात. पोत्याला पाय नसत्यात, मग उंची कोण बघतंय? त्याच्यावर आमी बाकडी ठोकतो आन म्हणतो, झाली बस! भायेरच्या देशातल्या गाड्या सरकारनं अडीवल्या. आता हितं जे निघंल ते घ्यायचं, सांगतील ती किंमत मोजायची, वर नंबर लावून वाट बघायची. आन गिऱ्हाइकाला कुणी इचारत न्हाय!"

"तुमी इचारलंत?" तिनं वांगी पारड्यात टाकत विचारलं.

"कुणाला?"

"मला."

आता मात्र झुंबरचे कान तापले. तिनं मान वर केली. डोळ्यांतला जाळ तसाच होता, पण ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं... की त्याला भास झाला?

तिचं नाव प्रयागा. ते त्यानं छबूबाईकडून काढून घेतलं. पुढच्या प्रत्येक बाजाराला निळ्या मोटारीत झुंबरचं काही ना काही काम निघू लागलं — कधी खिळा ढिला, कधी काच खडखडते. दोघांचं भांडण फाट्यावर सुरू होई ते अंथुर्णे गाव मागं पडलं तरी मिटत नसे. एकदा कुणा बागायतदाराची नवीकोरी गाडी धुरळा उडवत पुढं गेली.

"बघितलं?" झुंबर उसळला. "नाकावर चकाकतं लोखंड लावलंय नुसतं! आत इंजान तेच जुनं. माणूस त्या चकाकीचंच पैसं मोजतोय."

"आन तुमचा निळा रंग?"

झुंबर मोठ्यानं हसला. आपली मतं इतकी कान देऊन ऐकणारं आणि लगेच उलटवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"पयागा... तुझा पाय सहज किती वर जातो?"

"असलं इचारत्यात व्हय बाईमाणसाला?" ती लालबुंद झाली. पण इंदापुरात उतरल्यावर तिनं चुन्याच्या बोटानं मोटारीच्या चाकावर एक रेघ ओढली आणि मागं न बघता चालू लागली.

झुंबरनं त्या रेघेइतकी खाली येणारी, मुडपून वर घेता येणारी लोखंडी पायरी बसवली. छबूबाई पाटीसकट एकटी चढली. प्रयागा चढताना क्षणभर थांबली, त्याच्याकडं नीट बघितलं — आणि त्या दिवशी भांडलीच नाही. झुंबरला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आठच दिवसांत आबासाहेबांनी पायरी कापून टाकली.

"ओढ्यात घासती," ते म्हणाले.

"आवो, ती मिटती! ओढा आला की वर घ्यायची!"

"दर थांब्याला क्लीनरनं उतरायचं? येळ कोण भरून देणार? बायका कशातबी चढत्यात, झुंबर. जातील कुठं?"

झुंबरनं हातोडी जमिनीवर आपटली. आवारात नव्या मोटारींचे दोन सांगाडे उभे होते. त्यांच्याकडं पाठ फिरवून तो सायकलनं तडक कन्हेरीला आला. प्रयागा मळ्यात पाणी धरत होती.

"सोडलं काम!" तो छाती काढून म्हणाला. "दोन नव्या मोटारींचे सांगाडे तसंच टाकून आलो. तुझ्यासाठी."

ती शाबासकी देईल अशी त्याची कल्पना होती.

"माझ्यासाठी?" तिनं खोरं बाजूला टाकलं. "आन त्या दोन मोटारी कोण बांधणार? ज्याला पायरी म्हंजे काय ठावं न्हाय, त्यो! राग माझा हाय. त्यो घिऊन तुमी पळून कुठं चाललात?"

पुढच्या बाजाराला कन्हेरीच्या बायकांनी निळी मोटार सोडून दिली. मागून दुसऱ्या मालकाचा एक बुटका खटारा यायचा. सगळ्या पाट्या त्यात चढल्या. त्याच्या पुढच्या बाजाराला काटेवाडीच्या बायकाही फिरल्या. झुंबर फाट्यावर उभा राहून बघत होता. आपली देखणी मोटार रिकामी चाललीय आणि तो खटारा ओसंडून वाहतोय! तरी प्रयागाच्या अभिमानानं त्याचा ऊर भरून आला.

तो आबासाहेबांपुढं जाऊन उभा राहिला.

"त्या वांगेवालीनं पेटीवल्यात समद्या," आबासाहेब गुरगुरले.

"खरं बोलली ती. उद्या सरकारी गाड्या हितं आल्या, तर बायकांनी तुमच्याकडं वळून तरी का बघावं? मालक, पोती कशीबी चढीवली तरी चालतंय. माणसांना तसं चालतंय का?"

आबासाहेबांनी मिशी चाचपली. "जा, पायऱ्या बांध," ते म्हणाले. "तिन्हीला. पण क्लीनरला तूच समजाव."

झुंबर पुन्हा मळ्यात गेला. प्रयागानं त्याच्या चेहऱ्यावरूनच ओळखलं. कधी नव्हे ती मोकळी हसली. त्या हसण्यानं त्याचे पाठ केलेले शब्द पार सांडून गेले.

"मला... म्हंजे तू रोज... आसं रोज भांडायला..."

"नीट बोला."

"लगीन करशील माझ्यासंगं?"

प्रयागा वाकून वाफ्याचं दार मोडू लागली. पाणी भलत्याच वाफ्यात शिरलं, तरी तिचं लक्ष नव्हतं.

"माझ्या आबाला इचारा," ती हळूच म्हणाली. "मी न्हाय म्हणायची न्हाय."

तिचे वडील गेणूआबा बांधावर येऊन कधीचे उभे होते. त्यांनी झुंबरला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"करतो काय ह्यो?" त्यांनी लेकीला विचारलं.

"चुका करतो, आबा," प्रयागा म्हणाली. "पर सांगितलं की ऐकतो."

गेणूआबांनी खोपीकडं तोंड करून बायकोला हाक मारली, "चंद्रे, च्याला आधण ठिव. पाव्हणं आल्यात."