गन म्हणाली, हाय

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट रात्रीची नाही.

अमावास्या नाही, वडाचं झाड नाही. गेल्या वर्षीचा मे महिना, भर दुपार आणि भद्रावतीकडचा एक कोळसा साठवायचा प्लॉट. चंद्रपूर जिल्ह्यात त्या वेळेला कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

जिच्यासोबत हे घडलं ती करिष्मा माझी सख्खी मामेबहीण. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर भाजल्याचे डाग आहेत. ते मी माझ्या हातात धरून पाहिलेत. तरी कुणाला खोटं वाटलं तर वाटू दे. आपलं बोलणं खोटं ठरण्याची तिला आता सवय झाली आहे.

सुरुवात कोरोनातली.

तेव्हा करिष्मा त्या प्लॉटच्या गेटवर होती. हातात ती पांढरी गन, सगळ्यांनी पाहिलेली. कपाळापासून चार बोटं लांब धरायची आणि घोडा दाबायचा. अंगातून जी उष्णता बाहेर पडते ती दुरूनच टिपून गन आकडा दाखवते. ताप असला की पडदा लाल. फारच असला तर आकडासुद्धा नाही. नुसती दोन इंग्रजी अक्षरं... हाय.

उन्हाळ्यात घोटाळा व्हायचा. उन्हातून चालत आलेल्या माणसाचं कपाळ तव्यासारखं तापलेलं असतं. गन त्यालाच ताप समजायची. मग त्या माणसाला थोडा वेळ कडुलिंबाखाली बसवायचं आणि निवला की पुन्हा मोजायचं.

राजदीप रोज लाल यायचा.

सावली तालुक्यातला पोरगा. ढिगांवर कामाला. उंच, एकदम ताडमाड. आणि आमची करिष्मा बुटकी. तिचा हात पोचावा म्हणून तो कमरेतून वाकायचा आणि कपाळ पुढे करायचा.

"मशीन मले हाय म्हणून राह्यली. तुमी काऊन नाई म्हणत, मॅडम?"

"बस तिकडं झाडाखाली. दुपट्टा नाई बांधता येत डोक्याले?"

बांधता यायचा. गेट जवळ आलं की तो दुपट्टा सोडून खिशात कोंबायचा. कडुलिंबाखाली बसायला मिळावं म्हणून. हे तिला लग्न झाल्यावर कळलं.

लग्न विहारातच झालं, साधंच. मग लेक झाली. नाव संबोधी. गेटवरची पांढरी गन प्लॉटवाल्यांनी फेकायला काढली तेव्हा राजदीपनं ती घरी आणली. लेकीचं अंग जरा कोमट लागलं की डॉक्टरसारखा ऐटीत गन काढायचा. बायनाबाई, म्हणजे त्याची आई, हसून म्हणायची, "अरे, हात लाव ना बाप्पा. हाताले बॅटरी नाई लागत."

प्लॉटवर त्याच्याकडे दुसरी गन असायची. पिवळी, दांडगी. ती कोळशासाठी.

कोळसा नुसता पडून राहिला तरी आतून तापत जातो. उन्हाळ्यात तर आपोआप पेटतो. म्हणून ढिगाभोवती फिरून गन मारत राहायचं. कुठे जास्त तापलं दिसलं की लोडरचं मशीन बोलवायचं, तो कोळसा उलथायचा आणि पाणी मारायचं. हेच राजदीपचं काम.

एकदा तो गमतीनं पिवळी गन करिष्माच्या हातात देऊन ट्रकच्या केबिनमध्ये जाऊन बसला. काच वर केली आणि आतून ओरडला, "मार मले गन!"

करिष्मानं मारली. आकडा आला पन्नाशीचा. ती घाबरली.

तो हसत खाली उतरला. "पायलं? काचेमागचा मी तिले दिसतच नाई. काच दिसते. मधात जे येते, तेच ते मोजते. मागचं नाई, आतलं नाई. मधात जे येते तेच."

हे वाक्य लक्षात ठेवा. करिष्मा आजही विसरू शकलेली नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये राजदीप जेवण करून, पिवळी गन घेऊन सगळ्यात मोठ्या ढिगाकडे गेला.

परत आला नाही.

गन ढिगाच्या पायथ्याशी सापडली. त्याची गाडी गेटवर उभी. डबा प्लॉटच्या शेडमध्ये, धुवायचा राहिलेला.

प्लॉटचा कारभार बघणारा मुनशी म्हणाला, "पळाला. इथी दिवसभर ट्रका येतात-जातात. बसला असंल एखाद्यात, गेला असंल तेलंगणात."

"गाडी ठेवून? डबा ठेवून?"

"बायको ठेवून जाते माणूस, बाई. डब्याचं काय घेऊन बसली?"

करिष्मानं पाया पडून सांगितलं, ढीग उपसा. तो आत असेल. मुनशी म्हणाला, एवढा कोळसा तुझ्या शंकेपायी हलवायचा का? पोलिसांनी बेपत्ता म्हणून नोंद घेतली. वस्तीत कुणी म्हणालं, त्याचं तिकडे लफडं होतं. घरी बायनाबाई तिच्याकडे पाठ करून बसली. "तुह्या तोंडापायी पळाला माहा पोरगा."

आणि खरं सांगते, काही दिवसांनी करिष्माच्याही मनात तेच यायला लागलं. रात्री लेकीला दूध पाजताना ती त्याला शिव्या द्यायची. मग रडायची. मेला असेल तर आपण मेलेल्याला शिव्या दिल्या. जिवंत असेल तर आपल्याला टाकून गेला. दोन्हीकडून फासच.

मे उजाडला तेव्हा तिनं मुनशीकडे जाऊन राजदीपचीच जागा मागितली. लोकांना वाटलं पैशासाठी. तसं नव्हतं. एक ना एक दिवस तो ढीग उचलला जाणार होता आणि त्या दिवशी तिला तिथे हजर राहायचं होतं.

एवढंच हवं होतं तिला. खाली काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं.

ती दुपार मला तिनं तीन वेळा सांगितली. तिन्ही वेळा तशीच.

वारा पडलेला. बाकीचे शेडमध्ये जेवत होते. दूर लोडर बंद उभा. करिष्मा तोंडाला दुपट्टा गुंडाळून मोठ्या ढिगाभोवती गन मारत निघाली.

६१.

५९.

६२.

असल्या उन्हात कोळसा, रस्ता, टिनाचं शेड, सगळंच साठीच्या घरात. त्यात काही विशेष नाही.

६०.

आणि मग...

३६.४.

ती थांबली. वाटलं, पाणी मारलं असेल. ओला कोळसा थंड लागतो. ती पुढे झाली आणि जिथे गनचा तांबडा ठिपका पडला होता तिथे बोटं टेकवली.

चर्र झालं.

कोळसा कोरडा ठणठणीत होता. बोटं भाजली. ती किंचाळून मागे आली, पाच-सहा पावलं. पुन्हा गन मारली.

३६.४.

डावीकडे ६०. उजवीकडे ६१. मधला तेवढाच पट्टा छत्तीसचा. तिनं ठिपका वर वर नेला. तिच्या डोक्याच्याही वर... छत्तीस. आणखी हातभर वर... छत्तीस. त्यानंतर एकदम साठ.

उंच माणूस जेवढा असतो, तेवढं.

मे महिन्यात आमच्याकडे माणूस हीच सगळ्यात थंड वस्तू असते, हे बाहेरच्यांना कळायचं नाही.

मधात जे येते, तेच ते मोजते.

समोर कुणी नव्हतं. नुसता कोळसा, वर पांढरंफटक आभाळ.  ठिपका अजून वर, त्या उंच माणसाचं डोकं असावं तिथे होता, तेव्हा आकडा बदलला.

६०.

गेलं? तिनं गन हळूहळू खाली आणली. साठ... साठ... आणि तिच्या स्वतःच्या कपाळाच्या उंचीला येताच...

३६.४.

तो पट्टा बुटका झाला होता.

कुणीतरी कमरेतून वाकल्यासारखा.

"काय झालं वो बाई? भोवळ आली का?" वारलूभाऊ लोडरकडून धावत आले. लोडर तेच चालवायचे. साधा माणूस, घरून आणलेल्या चारोळ्या सगळ्यांच्या पोरांना वाटणारा.

 तिनं गन त्यांच्या हातात दिली आणि नुसतं बोट दाखवलं.

त्यांनी घोडा दाबला. छत्तीस. स्वतःच्या तळहातावर मारली. छत्तीस. बाजूच्या कोळशावर मारली. साठ. पुन्हा तिथेच...

छत्तीस.

वारलूभाऊंच्या तोंडाचं पाणी पळालं. गन हातातून पडली.

"मी हॉर्न देला होता," ते म्हणाले.

"काय?"

"दोनदा देला होता, बाई. त्यानं ऐकलाच नाई." ते तिच्याकडे पाहत नव्हते. ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. "मुनशी म्हणे, चूप राय. म्हणून..."

वाक्य तिथेच राहिलं. ते वळले, चालत गेले, गाडीला किक मारली आणि गेटबाहेर पडले. त्यानंतर प्लॉटवर त्यांना कुणी पाहिलं नाही. गावी गेले म्हणतात. गावातले म्हणतात, आलेच नाहीत.

करिष्मा तशीच मुनशीच्या केबिनमध्ये गेली. वारलूभाऊ काय बोलले ते सांगितलं. गनचं सांगितलं नाही. मुनशीनं हातातला फोन खाली ठेवला. मग त्यानं स्वतः उठून तिला पाणी दिलं.

"उद्या सकाळी उपसू ढीग. तुह्यासमोर. आता घरी जा, लेकरू लहान हाय तुहं. बोटाले काही लाव."

कित्येक दिवसांत तिच्याशी कुणी इतकं गोड बोललं नव्हतं.

तिनं विश्वास ठेवला.

सकाळी ती पोचली तेव्हा ढीग नव्हता.

अख्खा ढीग. जागा झाडून, पाणी मारून ठेवलेली. रात्रीतून ट्रका भरल्या होत्या. कोणत्या तरी वीज केंद्राची ऑर्डर होती म्हणे. रात्री लोडरच्या बकेटीत काय काय जातं, ते कोण बघतं?

"तुमी म्हटलं होतं, माह्यासमोर..."

"ऑर्डर आली त थांबवता येते का?" मुनशी फोनमधून मान वर न करता बोलला. "अन् वारलू काय बोलला, ते ऐकायले तुह्याशिवाय कोण होतं?"

तिनं त्या उघड्या जमिनीवर गन मारत अख्खी जागा पालथी घातली. ऊन चढत गेलं तशी जमीन तापत गेली. छत्तीस कुठेच नाही.

ट्रकवरच गेला तो. मुनशी म्हणाला होता तसाच.

दुपारी ती घरी आली. टिनाची खोली, दार उघडं, दारासमोरची भिंत उन्हात तापलेली. बायनाबाईनं विचारलं, "उचलला का ढीग? निघाला का माहा पोरगा त्याच्यातून? नाई ना? पळाला तो. म्या म्हटलंच होतं."

करिष्मा उत्तर द्यायला गेली आणि सासूचं तोंड पाहून थांबली. पळाला म्हटलं की तिचा पोरगा जिवंत राहत होता. एवढंच होतं म्हातारीकडे.

तेवढ्यात संबोधी हसली.

ती दारात बसली होती. मान पार मागे टाकून, वर, खूप वर पाहून हसत होती. बुटक्या माणसांच्या घरात लेकरू तेवढं वर कधी पाहत नाही.

करिष्मानं फळीवरून पांढरी गन काढली. दारातून मारली. समोर तापलेली भिंत होती, आकडा यायलाच नको होता. आली असती ती दोन अक्षरं.

आला...

३६.५.

लेक आता समोर पाहून हसायला लागली. करिष्मानं गन खाली केली. जमिनीपासून जेमतेम दोन हात... ३६.५.

लेकराजवळ उकिडवं बसलं की बापाचं कपाळ जेवढं खाली येतं, तेवढं.

"कुठी गेले होते?" करिष्मा म्हणाली. बायनाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग दाराकडे. मग पदर डोक्यावर घेतला.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. पण दुसऱ्या दुपारी आकडा ३८ आला. पडदा लाल. त्याच्या पुढच्या दुपारी ४०. मग ४१. इतक्या उन्हात ही गन खोटंही बोलते, हे करिष्माला कुणापेक्षा जास्त माहीत. ती तेच स्वतःला सांगत राहिली.

शेवटच्या दुपारी संबोधीनं नेहमीसारखा हात पुढे केला. आणि पोळल्यासारखा मागे घेतला. किंचाळून रडली. करिष्मानं गन मारली.

हाय.

आमच्या बोलीत 'आहे'ला पण 'हाय'च म्हणतात. तो मी हाय म्हणत होता, की जुनी मस्करी करत होता, की नुसतंच... हाय... हे कसं कळणार?

त्यानंतर रोज दारात हायच येतं. उन्हातली भिंतही हाय. तोही हाय. आता तो तिथे आहे की नाही, हे सांगणारं मशीन नाही. लेकही तिकडे पाहत नाही.

त्याच आठवड्यात एका ट्रक ड्रायव्हरनं सहज सांगितलं, त्या प्लॉटचा कोळसा वीज केंद्राच्या भट्टीत लागला.

करिष्माच्या खोलीत पंखा आहे. वीज आहे. यंदाच्या मे महिन्यात मी गेले तेव्हा टिनाखाली त्या तिघी घामानं निथळत बसल्या होत्या. मी पंख्याच्या बटणाकडे हात नेला.

"नको," बायनाबाई म्हणाली. "माय, नको लावू."

कोळसा कुठे जळतो आणि वीज कुणाच्या घरात येते, कुणी सांगू शकतं का? मला नाही सांगता येत.

इथे माझ्या घरी माझी लेक झोपली आहे, तेवढ्यात हे लिहून घेतेय. दुपार आहे. बाहेर आग पडते आहे.

डोक्यावर पंखा फिरतोय.

दोनदा उठले बंद करायला... पण तिची झोपमोड होईल.